मदत हवी आहे: वाडी हेच माझं पाचारण (देवाचं बोलावणं) असेल का?

नमस्कार मंडळी. मी वसईकर, वय 43. 31 डिसेंबरच्या रात्री मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) फादर बायबलमधल्या यिर्मया 29:11 वर बोलले, देवाच्या मनातल्या हिताच्या योजनांबद्दल. तेव्हापासून डोक्यात तेच. मुंबईची नोकरी सुटली, आता बाबांची केळीची वाडी बघतो. घरी अख्खा अध्याय वाचला, तर ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र, बाबेलला (बॅबिलॉनला) बंदिवासात नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं! सुटका 70 वर्षांनी. तोवर घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं भलं मागा. (बागा लावा ऐकून बायको हसली.) मग ही वाडीच माझं पाचारण, की मी विरारची लोकल टाळायला निमित्त शोधतोय? तुम्ही कसं ओळखलंत? जेजुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या पद्धतीनं रोज रात्री दिवसाची उजळणी कुणी करत असाल तर नेमकं कसं, तेही सांगा. नुसतं ‘प्रार्थना कर’ नको, ती चालूच आहे.