[मंडळ-गप्पा] मन्रोतलं ५५ प्लसमधलं रिसेल घर: मत हवंय

प्रेषक: दादा, एडिसन

नमस्कार मंडळी,

एडिसनचं घर विकायला काढायचं अखेर ठरलं. चार बेडरूम, दोन जिने, मागे पाव एकर गवत आणि माणसं दोन. मार्चमध्ये सौ.चा गुडघा बदलला, तेव्हापासून वरचा मजला नुसती धूळ खातोय.

इथे न्यू जर्सीतच, मन्रोत, पंचावन्नच्या पुढच्यांसाठीच्या (५५ प्लस) वसाहतींत दोन घरं बघितली, दोन्ही रिसेल. पहिलं १९८६चं, शेजारच्याशी भिंतीला भिंत, एकमजली, दोन बेडरूम. आधीच्या आजींच्या मुलाने विकण्यापुरतं स्वयंपाकघर नवं केलंय. पांढऱ्या क्वार्ट्झचा ओटा, आवाज न करता बंद होणारे ड्रॉवर वगैरे. मेंटेनन्स महिना ४१० डॉलर. दुसरं २००२चं, सुटं, उंच छताचा हॉल, वर लॉफ्ट (हॉलकडे उघडी खोली), दोन गाड्यांचं गराज. किंमत दीड लाख डॉलरने जास्त, पण मेंटेनन्स ३४५च. मला दुसरं आवडलंय, सौ.ला पहिलं. एजंटबाई म्हणतात, दोन्ही सोमवारपर्यंत जातील. (हा सोमवार गेले तीन आठवडे चालू आहे.)

मन्रोतल्याच रॉसमूर वसाहतीतही एक घर फारच स्वस्त दिसतंय. ते एवढं स्वस्त का? आणि आमचा धाकटा नोकरी बदलताना अधूनमधून चारसहा महिने आमच्याकडे येऊन राहतो. ते तिथे चालतं का?

जे आधी तिकडे गेलेत त्यांनी कृपया लिहावं.

दादा

---

प्रेषक: बापू, फ्लोरिडा

दादा, अजून न्यू जर्सीतच? प्रॉपर्टी टॅक्स भरून कुणाचं भलं झालंय? इकडे या. राज्याचा इन्कम टॅक्स नाही, बर्फ नाही. बाकी फोनवर.

---

प्रेषक: नाना, ईस्ट विंडसर

दादा,

बापूंना त्यांच्या घराच्या विम्याचा हप्ता विचारा, मग फोन लवकर आटपेल.

आमच्या कम्युनिटीच्या असोसिएशनचा, म्हणजे घरमालकांच्या संस्थेचा, मी सहा वर्षं खजिनदार होतो, म्हणून लांबण लावतोय. कंटाळा आला तर पुढची मेल उघडा.

क्वार्ट्झ विसरा. रिसेल घर घेताना तुम्ही चार भिंती घेताच, पण त्याबरोबर तीनचारशे अनोळखी म्हाताऱ्यांशी भागीदारीही करता. भागीदाराच्या वह्या न बघता आपल्यातलं कोणी धंद्यात पैसे घालेल का? तेव्हा वकिलामार्फत असोसिएशनचं चालू बजेट, गेल्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं आणि रिझर्व्ह स्टडी मागा. छपरं, रस्ते, क्लबहाउसचा बॉयलर कधी मोडीत निघणार आणि त्यासाठी निधी किती साठलाय, याचा हा हिशेब. २४ जून २०२१ला फ्लोरिडात सर्फसाइडची इमारत कोसळून ९८ माणसं गेली, तेव्हापासून सगळ्यांचे डोळे उघडले. आपल्या न्यू जर्सीने जानेवारी २०२४मध्ये कायदाच केला: असा अभ्यास करायचा, त्यात पुढच्या ३० वर्षांची पैशांची तजवीज दाखवायची आणि निदान दर पाच वर्षांनी तो ताजा करायचा. "आमचा अजून चाललाय" असं उत्तर आलं तर किती दिवस चाललाय ते विचारा.

इतिवृत्तं मात्र स्वतः वाचा, वकिलावर सोडू नका. "गळती" हा शब्द किती वेळा येतो ते मोजा.

कमी मेंटेनन्सवर खूश होऊ नका. बोर्ड निवडून देतात राहणारेच, आणि त्यांचं उत्पन्न ठरलेलं. मी एका वर्षी महिना ३० डॉलर वाढवा म्हटलं आणि त्याच वर्षी निवडणुकीत पडलो. पुढच्यांनी एक पैसा वाढवला नाही, टाळ्या घेतल्या. दोन वर्षांनी रस्ते आणि छपरांसाठी घरटी ६,२०० डॉलरची खास वर्गणी निघाली. टाळ्या वाजवणारेच माझ्या दारात आले, "नाना, तुम्ही तेव्हा जोर का नाही लावला?"

तुमच्या ४१० आणि ३४५ची तुलनाच होत नाही. भिंतीला भिंत असलेल्या घरात छप्पर बहुधा असोसिएशनचं असतं, सुट्या घरात बहुधा तुमचं. २००२चं छप्पर बदललं नसेल तर ते आता शेवटच्या घटका मोजतंय आणि ते तुमच्या खिशातून होणार. मेंटेनन्समध्ये नेमकं काय येतं ते मास्टर डीडमध्ये (वसाहतीच्या मूळ दस्तात) लिहिलेलं असतं, एजंटबाईंच्या बोलण्यावर जाऊ नका. काही ठिकाणी असोसिएशनही दोन असतात, एक गल्लीची आणि एक सगळ्या वसाहतीची. वर्गण्याही मग दोन.

आता १९८६च्या घराबद्दल. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत जोडून बांधलेल्या घरांत दोन घरांमधली आगरोधक भिंत छपराच्या वर काढायची नसेल, तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना सुमारे चार-चार फूट छपराखाली रसायन लावलेलं प्लायवूड घालायला परवानगी होती. आग लागू नये म्हणून लावलेलं ते रसायन उन्हाळ्यात माळ्यावरच्या उष्णतेने लाकडालाच खाऊ लागलं. प्लायवूड चॉकलेटी-काळं पडतं, बोटाने खरवडलं तर भुगा होतो, छप्पर दुरुस्तीला चढलेल्या माणसाचा पाय आरपार जातो. बहुतेक ठिकाणी ते कधीच बदलून झालं, पण बदलल्याचा कागद बघा आणि बॅटरी घेऊन माळ्यावर चढाच. नळाचे पाइप करड्या प्लास्टिकचे आहेत का तेही बघा. १९७८ ते १९९५च्या दरम्यान घातलेले पॉलिब्यूटिलीनचे असतील तर ते बदलायचा खर्च किंमतीतून वजा करून घ्या.

रॉसमूर साठच्या दशकातलं, त्यातली काही घरं को-ऑप आहेत. को-ऑप म्हणजे आपल्या डोंबिवलीची सोसायटी: घर तुमच्या नावावर नाही, हातात शेअर सर्टिफिकेट. शेअरवर कर्ज देणाऱ्या बँका थोड्या, म्हणून गिऱ्हाईक रोख पैसेवाला लागतो, म्हणून किंमत कमी. उलट मासिक आकड्यात प्रॉपर्टी टॅक्सचा वाटा धरलेला असतो, त्यामुळे तो आकडा बघून दचकू नका. वाईट नाही, पण उद्या तुमच्या मुलांना विकताना तोच थोडका ग्राहकवर्ग मिळेल.

सीनियर फ्रीझ (ज्येष्ठांना वाढलेला प्रॉपर्टी टॅक्स परत देणारी राज्याची योजना) घेत असाल तर तो एडिसनच्या घराबरोबर सुटेल, नव्या घरात पुन्हा पात्र व्हावं लागेल. आणि सोमवारची भीती नको. एजंटने तयार केलेल्या करारावर सही झाल्यावरही कामाचे तीन दिवस वकिलाला तो तपासायला आणि मोडायला मिळतात.

नाना

---

प्रेषक: सूत्रसंचालक

मंडळी, नानांची पूर्ण मेल खाली जोडून "वा, छान!" एवढंच लिहू नये. आज सातजणांनी तेच केलंय.

---

प्रेषक: माई, मन्रो

दादा आणि वहिनी,

नानांनी वह्या तपासल्यात, मी चूल तपासते. इथे राहून मला अकरा वर्षं झाली.

शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह असेल तर तो धूर बाहेर टाकतो की गाळून परत आपल्याच तोंडावर सोडतो ते बघा. आमच्याकडे दुसरा प्रकार निघाला. पहिल्याच आठवड्यात सुक्या मिरच्यांची फोडणी केली आणि शेजारच्या बाईंनी दार ठोठावून "सगळं ठीक आहे ना?" विचारलं. बाहेरून भोक पाडून पंखा बसवू म्हटलं तर बाहेरची भिंत असोसिएशनची, तिला हात लावायला समितीची परवानगी, आणि ती मिळाली नाही. दाराबाहेर तुळशीची कुंडी चालते, आकाशकंदील मात्र ठरलेल्या तारखांतच. त्यांची सणांची यादी नाताळची होती, आम्ही चारपाच घरांनी अर्ज करून त्यात दिवाळी घालून घेतली. गणपतीला पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या तेही आधी बघून ठेवा, आमच्या गल्लीत पाहुण्यांसाठी जागा सहा.

धाकट्याचं: १९९५च्या कायद्याने राहत्या घरांपैकी निदान ८० टक्के घरांत ५५ किंवा त्याहून जास्त वयाचं एक माणूस असावं लागतं, बाकीचे नियम ज्याचे त्याचे. आमच्याकडे १९च्या खालच्याला कायम राहता येत नाही. मोठी मुलं चालतात, पण पाहुणा ठरावीक दिवसांपुरता, पुढे नाव नोंदवावं लागतं. नातवंडांना पोहायला ११ ते १. त्या दोन तासांत तलावात फक्त नातवंडंच असतात, आजोबा काठावर घड्याळ बघत बसतात.

आता उंच छताबद्दल. आम्हीही त्याच्यावरच भाळलो होतो. हे गेले त्या नोव्हेंबरात एका रात्री सव्वादोनला टुक् असा आवाज आला. मिनिटाभराने पुन्हा टुक्. फ्रिज असेल म्हणून उठले, मग बॉयलर, मग वाटलं घरात कुणी आहे. शेवटी वर बघितलं. हॉलच्या छताला, चौदा फुटांवर, धुराचा अलार्म. त्याची बॅटरी संपली होती. ती बदलायचं काम ह्यांचं, आणि ते ती कधी बदलायचे हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. ऑफिसला फोन केला, ते म्हणाले घराच्या आतलं काम आमच्याकडे येत नाही. तीन रात्री कानावर उशी ठेवून झोपले. चौथ्या दिवशी शेजारचे आजोबा शिडी घेऊन आले. वय ८१. त्यांना चहा पाजून शिडीसकट परत पाठवलं. मग पैसे देऊन माणूस बोलावला, बॅटरी काही डॉलरची, मजुरी १२०. आता दरवर्षी दसऱ्याला झेंडूच्या हाराबरोबर घरातल्या सगळ्या बॅटऱ्याही बदलून घेते.

दादा, लॉफ्ट बघताना तुम्ही नातवंडं डोळ्यांसमोर आणलीत. एकदा तिथे वहिनी एकट्याच आहेत असं आणून बघा. किंवा तुम्ही एकटे. गराजातून स्वयंपाकघरात यायला पायऱ्या किती, टब ओलांडून आंघोळीला जावं लागतं का, गाडी चालवणं सुटलं तर बस दारापासून किती पावलांवर थांबते. आमची बस बुधवारी दुकानांकडे नेते आणि बरोब्बर दोन तासांनी परत आणते. त्या बसमध्ये मला जेवढ्या मैत्रिणी मिळाल्या तेवढ्या क्लबहाउसच्या पार्ट्यांत मिळाल्या नाहीत.

मंगळवारी दुपारी मी घरीच आहे. वहिनी, एकट्या आलात तरी चालेल.

माई

---

प्रेषक: दादा, एडिसन

माई, मी वहिनी बोलतेय, ह्यांच्याच ईमेलवरून. मला वेगळा पत्ता आहे पण पासवर्ड ह्यांच्याकडे.

ह्यांच्या लिहिण्यावरून वाटेल की मला ते स्वयंपाकघर आवडलं. क्वार्ट्झवर हळदीचे डाग पडतात हे मला कळत नाही असं वाटलं की काय ह्यांना? आम्ही पहिलं घर बघायला गेलो तेव्हा हे गराजाची लांबी मोजत होते, मी खिडकीशी उभी होते. समोरच्या बाकावर चारच्या सुमाराला तिघी बसल्या होत्या. एक गुजराती, एक बहुधा चिनी, एक गोरी. तिघींना एकमेकींचं किती कळत होतं देव जाणे, पण हसत होत्या. एडिसनच्या घराच्या खिडकीतून मला गेली तीस वर्षं शेजाऱ्याची गाडी आत जाताना आणि बाहेर येताना दिसते. टर्नपाइकच्या हायवेवर मी कधी गाडी चालवली नाही, आता काय चालवणार?

मंगळवारी येते. ह्यांना सोडायला सांगेन, पण गाडीतच बसवेन.

---

प्रेषक: दादा, एडिसन

मंडळी,

आता मी, दादा. पासवर्ड परत केला आहे.

शनिवारी नाना आणि मी पहिल्या घराच्या माळ्यावर चढलो. (नाना ७४, मी ६८, खाली शिडी धरून एजंटबाई. त्यांनी आयुष्यात असे गिऱ्हाईक बघितले नसावेत.) भिंतीलगतचं प्लायवूड नवं, पिवळंधमक आहे. असोसिएशनने ते बदलल्याचा कागदही मिळाला. पाइप तांब्याचे. छत आठ फूट, अलार्मला मी स्टुलावरून पोचतो, सौ. पोचेल की नाही ते तिने हात वर करून दाखवलं. पोचते.

इतिवृत्तांत "गळती" चार वेळा आहे, पण चारही वेळा क्लबहाउसच्या सॉनाची. राखीव निधी मात्र पातळ आहे. नाना म्हणतात पुढच्या तीन वर्षांत मेंटेनन्स वाढणार हे धरून चाला. तेवढं धरून किंमत १२ हजारांनी कमी सांगितली, आठवर मान्य झालं. काल सह्या झाल्या, आता वकिलाचे तीन दिवस चालू आहेत.

मंगळवारी मी पावणेतीन तास गाडीत बसलो होतो. सौ. परत आली ती हातात लोणच्याची बाटली आणि चार फोन नंबर घेऊन.

धूर बाहेर जात नाही, हे खरं. माईंनी उपाय सांगितलाय: गराजाचं दार उघडं ठेवून तिथे इंडक्शनवर फोडणी करायची आणि पळी झाकून आत न्यायची. हे कृपया या यादीबाहेर जाऊ देऊ नये, समितीतले दोघेजण मराठी शिकताहेत असं ऐकतो.

शिडी आता लागणार नाही. आठ फुटी, अॅल्युमिनियमची, कोणाला हवी असल्यास एडिसनहून घेऊन जावी.

दादा