"गवा बघितला, काही झालं नाही" म्हणणाऱ्या सोलोवाल्यांसाठी

जांबोटीकडचा
कालपासून एकच पोस्ट तिघांनी मला पाठवलीय. पुण्याचा कुणीतरी एकटाच पाठीवर बोचकं घेऊन कणकुंबीला बसमधून उतरला, बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगडच्या रानात शिरला, ओढ्याकाठी तंबू ठोकला. सकाळी बाहेर बघतो तर पंधरा पावलांवर गवा. साहेबांनी व्हिडिओ काढला, गवा फुरफुरला आणि झाडीत गेला. त्यावरून निष्कर्ष असा: "गाववाले उगाच घाबरवतात. जनावराला आपल्यात रस नसतो. परवानगी म्हणजे फॉरेस्टवाल्यांचा धंदा. एकटे जा, बिनधास्त जा."

बिनधास्त जा, होय की! व्हिडिओ मी नीट बघितला. कळपातून फुटलेला नर आहे. तो आडवा उभा राहतो, पाठीचा उंचवटा दाखवतो, मान खाली घालतो. याला रस नसणं म्हणत नाहीत दादा. "माझा आकार बघ आणि सरक" असं सांगत होता तो. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. तू सरकला नाहीस, तो सरकला. नशीब तुझं.

पण माझा राग त्यावर नाहीच. तू परत पुण्याला गेलास. तुझ्या तंबूमुळे बिथरलेलं जनावर पुढं कुणाच्या वाटेत आलं, ते तुला कधी कळणार? गेल्या सुगीत भात कापणीला आलं होतं. आमचे चुलते रात्री माळ्यावर राखणीला होते. वरच्या सड्यावर शहरातली पोरं लाइटा लावून, गाणी लावून बसलेली. मध्यरात्री गवे धडाधड खाली आले. चुलते बांधावर उतरलेले, एकानं उचलून टाकलं. बरगड्या मोडल्या, अजून वाकता येत नाही. पंचनामा झाला, बाकी काही नाही.

एकटा_फिरस्ता
पोस्ट माझीच. चुलत्यांबद्दल खरंच वाईट वाटलं. पण गवे वरच्या पोरांमुळेच उतरले हे कुणी पाहिलं? पिकलेलं भात गव्याला बोलवायला पुरेसं नाही का? आणि मी ना लाइट लावली, ना गाणी. दुसऱ्यांचं खापर माझ्या डोक्यावर का?

दुसरं म्हणजे तुमच्याकडचे गवळी-धनगर रोज एकटे म्हशी घेऊन त्याच रानात जातात. त्यांनी केलं तर जीवन, मी केलं तर माज? जीपमध्ये बसून, पैसे मोजून, गाइडच्या मागून जो जाईल त्यालाच जंगल, असा नियम आहे का?

निवृत्त_वकील_खानापूर
नियम आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याची कलमं २७ आणि २८ वाचा. अभयारण्यात राहणाऱ्यांना मोकळीक, बाहेरच्याला परवाना. भीमगड २०११ च्या डिसेंबरपासून अभयारण्य आहे. तंबू ठोकून वर व्हिडिओ टाकणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच सादर करणं. कौतुक वाटलं.

जांबोटीकडचा
@एकटा_फिरस्ता, गवळ्याला वारा कुठून येतो ते कळतं, ताजं शेण कळतं, कुठल्या पाणवठ्यावर कुठल्या वेळी जायचं नाही ते कळतं. तू पाणवठ्यावरच झोपलास!

रानातली_ती
मीही एकटी फिरते. कॅसलरॉक, अनमोड, तिळारी. त्यामुळे "एकटं जाऊच नका"वाल्यांच्या बाजूची मी नाही. पण सगळे गव्यावरच बोलताय, अस्वलाचं कुणी नावही काढेना. गवा बहुतेक वेळा इशारा देतो. अस्वल देत नाही, कारण त्यालाही तुम्ही आलेले कळलेलं नसतं. त्याची नजर आणि कान दोन्ही बेताचेच. मुंग्यांच्या वारुळात तोंड खुपसलेलं असतं आणि वळणावर अचानक समोर माणूस. मग ते घाबरून अंगावर येतं, आणि येतं ते थेट तोंडावर. झाडावर चढून उपयोग नाही, ते चढतं.

मला अनमोडच्या बाजूला करवंदाच्या दिवसांत भेटलं. जाळीमागं खुडबुड ऐकून म्हैस समजले. बाहेर आलं ते काळं कुत्र्याएवढं पिल्लू. आई कुठं आहे हे बघायला मी थांबले नाही. न पळता, तोंड तिकडेच ठेवून, मागं मागं आले. तेव्हापासून वळणावर टाळ्या वाजवते, मोठ्यानं बोलते. लोक वेडी समजतात. समजू देत. हेडफोन लावून चालणाऱ्यांना मात्र मी हात जोडते.

टिळकवाडीचा_बंड्या
एवढं लांब कशाला जायला पाहिजे? २०२२ च्या ऑगस्टमध्ये बिबट्या बेळगावात गोल्फ मैदानात येऊन राहिला होता. आजूबाजूच्या शाळा बंद, पोरं खूश. शिमोग्याकडून सक्रेबैलच्या हत्ती-कॅम्पातले हत्ती आणले शोधायला. हत्ती बघायला गर्दी झाली, बिबट्या काही घावला नाही. आमच्या आईनं महिनाभर मला संध्याकाळी बाहेर सोडलं नाही. माझं वय तेव्हा चौतीस.

एकटा_फिरस्ता
हाहा. म्हणजे शहरातही तेच. मग सोलोवालाच गुन्हेगार का?
आणि फॉरेस्टवाल्यांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो. २०१४ साली चिकमगळूर जिल्ह्यात माणूस मारलेला वाघ पकडून कुणी आणून सोडला भीमगडात? कुठल्या ट्रेकरनं?

जांबोटीकडचा
हे मात्र खरं बोललास. डिसेंबरात त्यानं खानापूर तालुक्यात बाई मारली, मग गोळी घातली त्याला. तेव्हा आमची आई दिवसासुद्धा परसात जायची नाही. फॉरेस्टवाल्यांचं कौतुक मी कुठं केलं? दाखव.

आमगावचा_जावई
वाघ सोडायला गाडी जाते, रस्ता करायला जात नाही. २०२४ च्या पावसात अभयारण्यातल्या आमगावच्या आजारी बाईला लोकांनी डोली करून खांद्यावरून चिखलातून आणलं, पेपरात फोटो आले. तुम्ही इथं गव्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं त्यावर भांडताय. आता सरकार म्हणतंय, कुटुंबाला १५ लाख घ्या आणि गाव सोडून रानाबाहेर पडा.

टिळकवाडीचा_बंड्या
घ्यावेत की. पोरांची शाळा, दवाखाना, रेंज सगळं मिळेल. आत काय ठेवलंय?

आमगावचा_जावई
१५ लाखात तुझ्या टिळकवाडीत गुंठा तरी येतो काय रे? सासऱ्यांची काजूची झाडं, भाताचा तुकडा, गावदेवी, म्हशींना रान. हे सगळं सोडून खानापुरात भाड्याच्या खोलीत बसायचं आणि संपल्यावर काय खायचं?

रानातली_ती
पण काही कुटुंबं स्वतःच तयार आहेत ना? आतल्याच तळेवाडीची माणसं भेटली तेव्हा त्यातली एक आजी म्हणाली, जाऊ दे एकदाचं. रात्री कुणाला साप चावला तर सकाळ उजाडायची वाट बघावी लागते.

आमगावचा_जावई
तीस वर्षं रस्ता द्यायचा नाही, वीज द्यायची नाही, मग विचारायचं "जाता का?" त्यावर होय म्हटलं तर त्याला तयारी म्हणतात? वा ताई.

रानातली_ती
वा दादा. माझ्या तोंडात न बोललेलं घालू नका. आजी काय म्हणाली तेवढंच सांगितलं.

निवृत्त_वकील_खानापूर
पैशाची अट, हप्ते, जमिनीचा हक्क हे वेगवेगळे विषय आहेत. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याखालचे दावे निकाली निघाल्याशिवाय कुणी सही करू नये, एवढं सांगतो. फी घेतलेली नाही.

सीमावासी_९
मूळ मुद्दा असा की रानाच्या तोंडाशी फलक फक्त कन्नडमध्ये. मराठी माणसाला धोका कळणार कसा?

टिळकवाडीचा_बंड्या
फलकावर गव्याचं चित्र आहे भावा. आणि हा विषय इथं काढलास तर दिवाळीपर्यंत आवरणार नाही.

एकटा_फिरस्ता
मला शिव्या द्यायला उघडलेल्या धाग्यात मीच पाहुणा झालोय. असो. पुण्यात २०२० ला कोथरूडमध्ये गवा शिरला होता तेव्हा मी तिथंच होतो. हजार माणसं मागं धावली, पकडल्यावर तो मेला. गर्दीनं जनावर मरतं हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणूनच एकटा जातो. एकटा माणूस कमी त्रास देतो, हे माझं मत अजूनही आहे.

जांबोटीकडचा
एकटा कमी त्रास देतो, मान्य. पण तू एकटा राहिलास कुठं? व्हिडिओखाली बघ, तीनशे लोकांनी "नेमकं कुठे?" विचारलंय आणि तू ओढ्याचं नाव सांगितलंयस. पुढच्या सुगीत तिथं तीनशे एकटे येतील.

एकटा_फिरस्ता
…नाव काढतो. व्हिडिओ ठेवणार. आणि पुढच्या वेळी परवाना काढून, गावातल्या कुणाला तरी सोबत घेऊन येतो, मजुरी देऊन. झालं समाधान?

जांबोटीकडचा
मजुरी आधी ठरव. आमच्याकडचे लोक मागायला लाजतात आणि तुमच्याकडचे द्यायला विसरतात.

आमगावचा_जावई
तुमचं मिटलं असेल तर वकीलसाहेब, एक सांगा. लग्न होऊन वेगळी चूल मांडलेल्या मुलाचं कुटुंब १५ लाखांत वेगळं धरतात की बापाच्याच खात्यात? सासऱ्यांना तीन मुलगे आहेत, आणि घरात गेल्या आठवड्यापासून त्यावरूनच भांडण चाललंय.