प्रति: फ्रेंच पायदळ रंगवताना कंटाळा
निळे कोट, पांढरे पट्टे, पुन्हा निळे कोट... नेपोलियनच्या फ्रेंच पायदळाचे छोटे सैनिक-पुतळे रंगवताना पहिल्याच बटालियनला (पायदळाची तुकडी) हात टेकलेत, असं वर म्हणालात. मग वॉटर्लूच्या (१८१५ ची नेपोलियनची शेवटची लढाई) पायदळाचे ओव्हरकोटातले पुतळे घ्या ना. मोहिमेवर बरेच शिपाई तसेच लढायचे. राखाडी, तपकिरी, मळकट पिवळसर छटा मिसळा, उलट तेच खरं वाटतं. वर पातळ तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग) दिला की निम्मं काम झालं.

१८०८ नंतर फ्रेंच बटालियनमध्ये सहा कंपन्या: चार फ्युझिलियर (साधे शिपाई), एक ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड शिपाई), एक व्होल्टिझर (चपळ, हलकं पायदळ). म्हणजे २४ पुतळ्यांची बटालियन केलीत तर कंपनीला ४. ग्रेनेडियरांचे लाल, व्होल्टिझरांचे हिरवे-पिवळे खांद्यावरचे झुबके, रंगांची हौस तिथेच भागवा.

हुसारांचं (नाड्यांनी मढवलेल्या जाकिटांतलं हलकं घोडदळ) मात्र एवढ्यात नाव काढू नका. २८ मिमी उंचीच्या पुतळ्याच्या जाकिटावर त्या नाड्या रंगवायच्या, बापरे!