वाफेच्या इंजिनाचे जलरंगचित्र मोकळ्या शैलीत कसे रंगवावे?

मिरजेचा रूळप्रेमी:
नमस्कार. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकेकाळी मिरजेत एकत्र येत असत. पंढरपूरकडे जाणाऱ्या ७६२ मिलिमीटर रुळांवरच्या छोट्या गाडीची जुनी छायाचित्रे माझ्याकडे आहेत आणि त्यांवरून मी जलरंगात चित्रे करतो. रेखाटन ठीक जमते, पण रंग भरला की प्रत्येक नळी आणि प्रत्येक रिव्हेट सारख्याच ठळकपणे पुढे येते आणि चित्र कारखान्याच्या आराखड्यासारखे दिसू लागते. शेवटी पांढऱ्या पोस्टर रंगाने काढलेली वाफही वरून चिकटवल्यासारखी वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सातारकर चित्रकार:
मोकळेपणा रंगात हवा, रेखाटनात नव्हे. बॉयलरचा अक्ष, चाकांची लंबवर्तुळे आणि रुळांचे यथादर्शन (दूर जाताना लहान होत जाणे) चुकले, तर वरचा रंग कितीही प्रवाही असला तरी इंजिन उभे राहत नाही; ते नेमके असले, तर निम्मे तपशील गाळूनही पाहणाऱ्याचा डोळा ते स्वतः भरून काढतो. इंग्रज चित्रकार टर्नर यांचे १८४४ मधील पावसातल्या आगगाडीचे तैलचित्र पाहा: त्यात गाडी, पूल, आकाश सारे एकमेकांत विरघळलेले आहे आणि ठसठशीत आहे ते केवळ काळे धुराडे. आपणही धुराडे आणि बॉयलरचा पुढचा भाग एवढ्याच कडा तीक्ष्ण ठेवाव्यात आणि मागचे डबे ओल्या कागदावर पार्श्वभूमीत मिसळू द्यावेत.

काळा रंग नळीतून थेट घेऊ नये. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोन रंग ताटलीत पूर्ण न घोटता कागदावरच एकमेकांना भेटू दिले, तर कुठे निळसर, कुठे गंजकट असा जिवंत काळेपणा मिळतो.

कृष्णाकाठ:
वरील मताशी मी सहमत आहे, पण वाफेचा प्रश्न राहिलाच. वाफ रंगवायची नसते, सोडायची असते. कागदाचा पांढरेपणा राखून तिच्याभोवती गडद डोंगर किंवा झाडी रंगवावी, म्हणूनच सातारा जिल्ह्यातले कोरेगाव-वाठार बाजूचे डोंगर मागे घेतलेली रचना मोकळ्या आकाशापेक्षा सोपी जाते. वाफेची एक कड ओली, दुसरी कोरडी ठेवावी. सुरक्षा झडपेच्या तोंडाशी वाफ पारदर्शक असते आणि किंचित दूर गेल्यावर थंड होऊन पांढरी दिसते, त्यामुळे तेथे थोडी फट ठेवल्यास चित्र लगेच खरे वाटते. शिवाय कोरड्या उष्ण हवेत वाफ लवकर विरते; वैशाखातल्या भर दुपारच्या दृश्यात लांबलचक पांढरा लोट दाखवणे पटत नाही. तो हिवाळ्यातल्या पहाटेला शोभतो.

पोस्टर रंगाला माझा सरसकट विरोध नाही, एखाद्या ठिपक्यापुरता तो चालतो.

मिरजेचा रूळप्रेमी:
आभारी आहे. पण एप्रिलमध्ये आमच्याकडे ओला वॉश (पातळ रंगाचा थर) मऊ कड साधण्याआधीच वाळतो. त्यावर उपाय काय?

कृष्णाकाठ:
३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) खरखरीत कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लास्टिकच्या फळीवर पसरावा, पंखा बंद करावा आणि शक्यतो सकाळी लवकर बसावे. तरीही कड कठीण झालीच, तर ती ओल्या स्वच्छ ब्रशने हलकेच सैल करून टिश्यूने रंग उचलावा. मात्र त्या भागात थॅलो निळा वापरलेला नसावा, कारण तो कागदात मुरतो आणि नीट उचलला जात नाही.

सातारकर चित्रकार:
चाकांबाबत एक पुरवणी. गाडी धावती दाखवायची असेल तर आरे मोजून काढू नयेत. चाकांचा खालचा भाग धुळीत आणि सिलिंडरमधून सुटणाऱ्या वाफेत हरवू द्यावा, आणि जोडदांड्याची (चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) एकच उजळ रेघ कोरड्या ब्रशने ओढावी.