सल्ला हवा: ‘बियांची’ विश्वांवर पीएचडी, मुंबईत सुरुवात कुठून करू?

ठाकुर्लीकर: नमस्कार मंडळी. एमएस्सी गणित, सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. गाइडनी विषय दिलाय: एफ-आर-टी गुरुत्वात (आइन्स्टाइनच्या सिद्धांताचं बदललेलं रूप; R म्हणजे वक्रता, T पदार्थाच्या ऊर्जा-संवेगातून येतो) बियांची प्रकार-१ ची विश्वं, म्हणजे तिन्ही दिशांना वेगवेगळ्या वेगाने प्रसरणारी. घरी सांगितलं तर आई म्हणाली, कसल्या बियांची? सोबत पेपरांचा गठ्ठा मिळालाय. सगळे एकाच साच्यातले: मेट्रिक (अंतर मोजायचं सूत्र), समीकरणं, मग ‘आपण असे मानू’ आणि चार आलेख. भौतिकशास्त्र बारावीनंतर सुटलं. काय वाचू? मुंबईत कुणाला भेटू?

कालिना_कँटीन: आधी उच्चार. इटालियन माणूस, लुइजी बियांकी. त्याचं १८९८ चं वर्गीकरण, एकूण नऊ प्रकार. पण व्हायव्हाला बियांचीच म्हणा, नाहीतर परीक्षकच गोंधळतील. ;)

जुना_खोडरबर: ताई, पेपर बाजूला ठेवा. शॉन कॅरल यांच्या सापेक्षतेच्या १९९७ च्या नोट्स आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या साइटवर फुकट आहेत, तिथून सुरुवात करा. मग कास्नरचं १९२१ चं निर्वात, म्हणजे पदार्थच नसलेलं, विश्व हाताने सोडवा. तिथे प्रत्येक दिशा काळाच्या (t) कुठल्यातरी घाताने बदलते. घातांकांची बेरीज १, वर्गांची बेरीजही १. एक क्षुल्लक अपवाद सोडला तर एक दिशा आकसतेच, हे स्वतः काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. एफ-आर (T नसलेलं साधं रूप) साठी डी फेलिचे आणि सुजिकावा यांचा २०१० चा आढावा, तोही फुकट. एफ-आर-टी चा मूळ पेपर हार्को आणि मंडळींचा, २०११. तिथे ऊर्जा-संवेग सर्वसाधारणपणे अक्षय्य राहत नाही, ते कुठे घडतं ते शोधा.

आता ‘आपण असे मानू’. समीकरणं तीन, अज्ञात चार-पाच, म्हणून अपरूपण (शिअर, म्हणजे दिशांच्या वेगांतला फरक) प्रसरणाच्या प्रमाणात धरतात. दोन दिशा सारख्या धरल्या, त्यांचं माप B आणि तिसरीचं A, तर त्यातून A बरोबर B चा n वा घात येतो आणि गणित सुटतं. तुमच्या मेट्रिकसाठी शिअर भागिले प्रसरण काढून बघा, मग बोलू.

विदर्भ_एक्स्प्रेसवाला: या विषयाचं माहेर आमच्याकडे. नागपूर-अमरावतीच्या गणित विभागांतून यावर ढिगाने पेपर निघालेत. सगळेच टाकाऊ नाहीत हो.

ठाकुर्लीकर: @जुना_खोडरबर, काल ७:५२ च्या लोकलमध्ये उभ्याने काढलं, तिकिटाच्या पाठीवर. (n−१) भागिले [√३ गुणिले (n+२)]. n=२ घेतलं तर ०.१४. पण यात t कुठेच नाही! म्हणजे विश्व कितीही म्हातारं झालं तरी दिशांतला फरक तसाच, वाकडं ते वाकडंच?

जुना_खोडरबर: बरोब्बर. आणि सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचं (बाल विश्वातून उरलेल्या प्रारणाचं) तापमान, आपल्या स्वतःच्या गतीचा भाग वजा केला, की सगळ्या दिशांना लाखात एक भाग इतकंच हलतं. तिथे ०.१४ कुठे बसवणार? आदर्श द्रव (सगळ्या दिशांना सारखा दाब असलेला) असेल तर आइन्स्टाइनच्या सिद्धांतात शिअर घनफळाच्या व्यस्त प्रमाणात मरतं. त्याला वरची अट लावलीत तर घनफळ t च्या प्रमाणातच वाढू शकतं, म्हणजे मंदावणारं विश्व. १९९८ च्या सुपरनोव्हांनी (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांनी) तर उलटं, वेग वाढतोय असं दाखवलं. म्हणून मग पेपरात वैश्विक तारा (कॉस्मिक स्ट्रिंग), विषमदिक् (दिशेनुसार वेगळी) कृष्ण ऊर्जा वगैरे आणावी लागते.

तुमचा खरा प्रश्न इथे आहे. एफ-आर मध्ये शिअर घनफळासोबत एफच्या विकलजानेही (डेरिव्हेटिव्हने) भागलं जातं. गुरुत्व बदललं की वाकडेपणा लवकर मरतो की उशिरा? हे मोजा, आणि n मनाला येईल तो धरू नका.

कालिना_कँटीन: भेटीगाठींचं बोलू. कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एखाद्या सापेक्षतेच्या तासाला मागे बसायला विचारा. कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेचं चर्चासत्र असेल तर आधी ईमेल करून जा, ओळखपत्र न्या. पण या विषयासाठी पुण्याचं आयुका, हे खगोलशास्त्राचं केंद्रच. कॉलेज शिक्षकांसाठी त्यांची व्हिजिटिंग असोसिएट योजना आहे, तुमच्या गाइडना विचारा. कल्याणहून इंद्रायणी पकडलीत तर दिवसात परत.

आणि समीकरणं सेजमॅथ या गणिताच्या सॉफ्टवेअरवर टाका, फुकट आहे. रिची अदिश (तोच वक्रतेचा R) हाताने काढून मीही एक चिन्ह महिनाभर चुकवलं होतं.

ठाकुर्लीकर: गाइडना n चं कसं सांगू? त्यांचेच तीन पेपर त्यावर आहेत.

विदर्भ_एक्स्प्रेसवाला: चूक आहे म्हणू नका. ‘सर, ही अट कधीपर्यंत चालते ते बघू का?’ म्हणा. प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच सुटतं.

ठाकुर्लीकर: शनिवारी भेटतेय. कास्नर सोडवून नेते.