मदत हवी आहे: पहिला एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हत्यार) घ्यायचाय, पैसे त्यावर घालू की त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर?

नमस्कार मंडळी, गेली तीन वर्षं खऱ्याच्या १/७२ मापाची मॉडेल विमानं बनवतोय आणि आत्तापर्यंत सगळी साध्या ब्रशनेच रंगवलीत. कॉकपिट, चाकं, पायलट असलं बारीक काम ब्रशने मस्त होतं, पण पंखासारखा मोठा सपाट भाग आला की रेघा दिसतातच, रंग पातळ करून चार हात दिले तर पॅनल लाइन्स (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा) भरून जातात. सध्या मेसरश्मिट १०९ हे जर्मन लढाऊ विमान चालू आहे, तिच्या बॉडीच्या बाजूंवर मऊ कडांचे करडे ठिपके असतात ना, ते ब्रशने तीनदा रंगवले, तीनदा पुसले, अजूनही वरून चिकटवल्यासारखेच दिसतायत. म्हणून ठरवलं की आता एअरब्रश घ्यायचाच.

वाचून जेवढं कळलं ते असं की सिंगल अॅक्शनमध्ये ट्रिगर दाबला की हवा आणि रंग एकदमच येतो, रंग किती यायचा ते आधीच स्क्रूने ठरवावं लागतं. डबल अॅक्शनमध्ये खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग, म्हणजे रंगवता रंगवता रेघ बारीक-जाड करता येते. तेव्हा डबल अॅक्शनच घ्यायचा आणि कप वर असलेला ग्रॅव्हिटी फीडवाला, कारण १/७२ ला रंग लागतो थेंबभर आणि खालच्या बाटलीतून ओढणाऱ्यात तेवढा रंग नळीतच राहतो. इथपर्यंत पक्कं आहे, चुकत असेन तर सांगा.

अडलंय ते पुढे. बजेट कमी आहे, त्यात एक तर चांगल्या कंपनीचा एअरब्रश आणि कसाबसा कॉम्प्रेसर येतो, नाहीतर चांगला कॉम्प्रेसर आणि साधा एअरब्रश. तिसरा पर्याय म्हणजे ते चार्जिंगवाले, ज्यात छोटी मोटर ब्रशलाच खाली जोडलेली असते. मित्राकडचा वापरून पाहिला तर पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत झाला, आता त्यात दोष माझा की यंत्राचा हेच कळेना. शिवाय मला वेळ मिळतो रात्रीच आणि पोरगी शेजारच्या खोलीत झोपलेली असते, त्यामुळे आवाज हा मोठा प्रश्न आहे. नोझल (रंग बाहेर पडायचं तोंड) ०.२, ०.३ की ०.५ मिमी तेही सांगा. रंग तामिया कंपनीचे थोडे आणि व्हॅलेजो कंपनीचे मॉडेल कलर बरेच आहेत, ते चालतील ना?

प्रतिसाद:

पैसे कॉम्प्रेसरवर घाला, डोळे झाकून. ब्रश पुढेमागे बदलता येतो, कॉम्प्रेसर एकदा घेतला की वर्षानुवर्षं तोच राहतो. बघताना तीन गोष्टी बघा, टँक, रेग्युलेटर (दाब कमीजास्त करायची चावी) आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा). टँक नसेल तर पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हवा कमीजास्त होते आणि बारीक रेघेत ते दिसतं, शिवाय मोटर सतत चालू. एएस-१८६ प्रकारचे ३ लिटर टँकवाले मिळतात, ते साधारण ४ बार दाबाला आपोआप बंद होतात आणि ३ बारपर्यंत उतरलं की परत चालू, म्हणजे मध्ये मध्ये शांतता मिळते. खाली जाड फोम किंवा रबर ठेवा, निम्मा त्रास आवाजाचा नसून जमिनीतून जाणाऱ्या थरथरीचा असतो. वर्कशॉपमधले मोठे कॉम्प्रेसर स्वस्त वाटतील पण रात्री घरात लावणं अशक्य.

ब्रश ०.३ घ्या. ०.२ सुरुवातीला वारंवार तुंबतो आणि माणूस कंटाळून छंदच सोडतो, हे मी होताना पाहिलंय. ०.५ प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि मोठ्या मॉडेलला छान, तुमच्या ठिपक्यांना जड जाईल. घेण्याआधी त्याची नीडल (आतली सुई) आणि नोझल सुटी मिळते का ते आधी विचारा, कारण पहिल्या दोन महिन्यांत नीडलचं टोक एकदा तरी वाकतंच आणि मग रंग तिरका जातो. होजचा (हवेच्या नळीचा) आटा १/८ बीएसपी मापाचा आहे ना तेही बघा, काही कंपन्यांचा वेगळा असतो आणि मग अडॅप्टर शोधत बसावं लागतं.

मित्राकडे जे खरखरीत झालं ते बहुतेक रंग हवेतच वाळल्यामुळे. ब्रश लांब धरला असणार किंवा प्रेशर जास्त असणार, आणि त्यातल्या बऱ्याच यंत्रांना प्रेशर कमी करायची सोयच नसते. उलट फार जवळून पातळ रंग मारला की कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटतात. एकसारख्या थराला १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ठिपक्यांना रंग आणखी पातळ करून १०-१२ वर, दोन-तीन सेंटीमीटरवरून.

रंगांचं नीट ऐका. तामियाला त्यांचाच एक्स-२० ए थिनर घाला, दुधाइतका पातळ होईपर्यंत. व्हॅलेजोला अल्कोहोल अजिबात लावू नका, कपात त्याचा चिकट गोळा होतो, त्याला त्यांचंच थिनर. मॉडेल कलर घट्ट असतो, पातळ करावाच लागतो, आणि नीडलच्या टोकावर लवकर वाळतो म्हणून दोन थेंब रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला. माझं ऐकाल तर सुरुवात तामियाने करा, तो चुका पोटात घालतो.

आणि मास्क! पाण्याचा रंग आहे म्हणून चालतंय असं करू नका, बारीक तुषार छातीत जातातच. लॅकर (उग्र सॉल्व्हंटवाला रंग) मारणार असाल तर कार्ट्रिजवाला मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा पाहिजेच, घरात लहान मूल आहे.

मॉडेलला हात लावण्याआधी आठवडाभर कागदावर रंगीत पाणी मारा. सुरू करताना हवा आधी, थांबताना रंग आधी बंद, एवढं बोटांत बसलं की निम्मं काम झालं.

धागाकर्ता:

खूप खूप आभार, एवढं सविस्तर लिहिलंत! टँकवाला कॉम्प्रेसर आणि ०.३ चा साधा ब्रश घेतला. फोम टाकल्यावर पोरगी उठत नाही. पाच रात्री नुसतं पाणी मारलं, काल तामियाचा करडा भरला आणि एका जुन्या पंखावर पहिल्यांदा मऊ कडेचा ठिपका उमटला, किती वेळ बघत बसलो होतो.

पण आज साफ करून परत जोडल्यापासून ट्रिगर दाबला की कपात बुडबुडे येतायत आणि रंग अडखळत येतोय. काही तुटलं का?

प्रतिसाद:

हवा मागे कपात शिरतेय. नोझल नीट बसलं नाही किंवा पुढची कॅप ढिली आहे, बहुतेक तेवढंच. नीडल आधी मागे काढा, मग नोझल बोटानेच घट्ट करा, पान्याने पिळू नका, आटा तुटतो. तरीही आले तर भिंगातून नोझलच्या टोकाला चीर आहे का बघा.