मदत हवी आहे : ग्रंथालयाच्या तासाला मुलांना प्रश्नच पडत नाहीत (तातडीचे)

वेलदोडा :
सरळ मुद्द्यावर येते. ऐरोलीतल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तकं आहेत, तास आहे, मुलं येतात, एकमेकांना कोपरानं ढोसतात आणि घंटा झाली की जातात. काय वाचायचंय विचारलं तर "काहीपण द्या मॅडम". काल मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मावलं, पुढच्या शनिवारी पालकसभा आहे, तोवर मुलांची जिज्ञासा वाढवणारा उपक्रम उभा करा. जिज्ञासा काय कुकरला लावायची, तीन शिट्ट्या झाल्या की तयार?

निबंधस्पर्धा, बक्षिसं, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा पुस्तकं हातात धरून फोटो, सगळं करून झालंय. उद्यापासून करता येईल असं काही सांगा. भाषण नको.

घणसोलीकर :
कितवीची मुलं? माध्यम? पुस्तकं किती? काहीच सांगितलेलं नाही.

तिखटमीठ :
मोबाईल काढून घ्या, आपोआप वाचतील.

वेलदोडा :
पाचवी ते आठवी, मराठी माध्यम, वर्गात साठेक मुलं, आठवड्याला ३५ मिनिटांचा एक तास. दाखल नोंदवहीत २,३०० पुस्तकं. मोबाईल शाळेत आणूच देत नाहीत, तो मुद्दा बाद.

बायनरी_बंड्या :
कोहा टाका, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे. बारकोड लावले की देवघेव सेकंदात. आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मीच बसवलं.

तिखटमीठ :
बारकोड बघून पोरांना एकच प्रश्न पडेल, बिस्किटाच्या पुड्यावर असतं ते इथे कसं. (कृपया हलके घ्या)

जुनी_पाने :
मी ठाण्यात, नौपाड्यातल्या शाळेत, ३१ वर्षं ग्रंथपाल होतो. एकच गोष्ट चालली, ती सांगतो. दाराशी सुतळीनं बांधलेली शंभरपानी वही. कुणीही प्रश्न लिहावा, नाव लिहायचं नाही. पहिला आठवडा "सरांचं वय किती", "सर टोपी का घालतात" यातच गेला. मी फाडलं काही नाही, वय लिहून टाकलं. मग सातवीतल्या कुणी तरी लिहिलं : पहिली गाडी ठाण्यालाच का थांबली, पुढे का नाही गेली? १६ एप्रिल १८५३, १४ डबे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण का थांबली, हे कुणी विचारत नाही.

मी उत्तर दिलं नाही. वहीत एवढंच लिहिलं, "३८५ क्रमांकाचा कप्पा, डावीकडून चौथं पुस्तक, नकाशा बघा." मधल्या सुट्टीत त्या कप्प्यापुढे पाच डोकी. नकाशात खाडी दिसली, पुलाचं काम तेव्हा व्हायचं होतं, कल्याणला गाडी १८५४ साली गेली, हे त्यांचं त्यांनी काढलं. दुसऱ्या दिवशी वहीत नवे चार प्रश्न.

ग्रंथपालाला उत्तर येत असलं तरी लगेच द्यायचं नाही. जीभ चावून बसायचं, फार अवघड असतं.

घणसोलीकर :
+१. पण पारसिकचा बोगदा लागला असेल ना कल्याणला जायला, म्हणून उशीर?

कळवा_कारशेड :
तो लांब बोगदा १९१६ चा. २०२२ पर्यंत फास्ट लोकल जायची तो. १८५४ शी संबंध नाही.

घणसोलीकर :
मग तेव्हा गाडी डोंगर चढून गेली का?

जुनी_पाने :
बघा, वही न बांधताच काम सुरू झालं. :) ताई, एक विचारायचं राहिलं. मुलं पुस्तक घेतात कशी?

वेलदोडा :
घेतात म्हणजे, मी काढून देते. कपाटांना कुलूप असतं अर्थात.

घणसोलीकर :
"अर्थात"??? हे पहिल्या पोस्टीत सांगायचं होतं!

ग्रंथकीटक :
भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचं पहिलंच सूत्र : पुस्तकं वापरासाठी असतात. १९३१ साली लिहून ठेवलंय. अजून आपण कुलपातच.

वेलदोडा :
रंगनाथन यांच्या पगारातून कापले होते का? मागच्या मोजणीत १७ पुस्तकं कमी भरली, भरपाई मी केली. अर्धवेळ पगारात. उघडी ठेवायचा सल्ला देणाऱ्यांनी आधी कपाटाखाली सही करावी.

ग्रंथकीटक :
मग चौकीदार म्हणा स्वतःला, ग्रंथपाल कशाला?

जुनी_पाने :
असं बोलू नये. मीही भरपाई भरलीय. ताई, सगळी कपाटं नकोच. एक टेबल मांडा, त्यावर चाळीस पुस्तकं, पातळ, स्वस्त, फाटली तरी चालतील अशी. देणगीत आलेल्यांची वेगळी वही ठेवा. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत, हवी ती पानं छापून शिवून घ्या. आणि टेबलावरचं हरवलं तर भरपाई नाही, हे बाईंकडून लेखी घ्या. तोंडी नको.

नेरूळची_मावशी :
अवांतर, माझ्याकडे एमपीएससीची जुनी पुस्तकं आहेत, २०१६ पर्यंतची. कुणी घेणार का? नेरूळ स्टेशनला आणून देईन.

बायनरी_बंड्या :
बारकोड असता तर पुस्तक कुणाकडे आहे ते कळलं असतं. हे माझं शेवटचं पोस्ट.

वेलदोडा :
(पाच दिवसांनी) बाई हो म्हणाल्या, सही मात्र "नंतर बघू". टेबल मांडलं, वही बांधली. पहिल्या दिवशी ११ प्रश्न, त्यातले आठ माझ्याबद्दल. एक : "खाडीतले काही फ्लेमिंगो मळके असतात, ते आजारी असतात का?"

कळवा_कारशेड :
नाही, ती करड्या रंगाची पिल्लं. गुलाबी रंग शेवाळ आणि बारीक कोळंबीतून येतो, चढायला दोन-तीन वर्षं...

जुनी_पाने :
अहो, जीभ चावायची!

वेलदोडा :
मी चावली. वहीत लिहिलं, "५९८, पक्ष्यांचं जाड पुस्तक", आणि ते कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. दोन दिवस त्याच्याभोवती घोळका. आज पुस्तक टेबलावर नाही. देवघेव वहीतही नोंद नाही.

घणसोलीकर :
अभिनंदन!

वेलदोडा :
अभिनंदन काय? किंमत ४५० रुपये आहे. आणि शनिवार उद्या आहे.

जुनी_पाने :
वहीत विचारा, "पक्ष्यांचं पुस्तक उडून कुठे गेलं?" रागावून नको, नुसतं विचारा. माझी तरी बहुतेक अशीच परत आली.

ग्रंथकीटक :
परत आलं की इथे कळवा. परवाच्या चौकीदारबद्दल सॉरी.

नेरूळची_मावशी :
एमपीएससीची पुस्तकं अजून आहेत.